कोपरगावचा रिसिव्हर

आईची कॅसेट उतरत चालली आहे, असं आण्णांनी एका रविवारी जाहीर केलं, तेव्हा आमच्या घरात "कशावरून?" असं कुणी विचारलं नाही. यंत्राच्या बाबतीत आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शब्द शेवटचा असायचा. सगळी नोकरी त्यांनी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात, ऊस गाळायच्या मिल हाऊसमध्ये फिटर म्हणून काढली. कुठलं बेअरिंग कधी दगा देणार हे ते नुसत्या आवाजावरून सांगायचे आणि ते बेअरिंगही शब्द पाळल्यासारखं त्याच सुमाराला जायचं. निवृत्त होऊन नगरजवळ केडगावला माझ्याकडे राहायला आल्यावर घरातला पंखा, शिलाई मशीन, नवऱ्याची स्कूटर, शेजारणीचा मिक्सर अशी सगळी रुग्णमंडळी त्यांच्या ताब्यात गेली होती. असे आण्णा आमच्या रेडिओ-कॅसेटच्या टू-इन-वनजवळून मान वर करून म्हणाले, "टेप उतरत चाललाय. मागच्या खेपेपरीस हिचा आवाज बारीक झालाय." मी हातातलं काम टाकून त्यांच्याजवळ आले.

कारण आईचा आवाज म्हणून जे काही उरलं होतं, ते त्या एका कॅसेटच्या एका बाजूवर होतं.

ती मीच भरली होती. दिवाळीला माहेरी गेले होते, कारखान्याच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये. आई भाकरी करत होती, आणि भाकरी करताना ती गायची. विहारातली गाणी, जयंतीची गाणी, पाळणे आणि मधूनच स्वतःच्या मनानं रचलेल्या ओव्या. जातं काही आमच्याकडे नव्हतं, कॉलनीत पिठाची गिरणी होती. पण परातीत भाकरी थापताना हाताचा जो ठेका पडतो, त्यावर तिच्या ओव्या चालायच्या. मी गमतीनं टू-इन-वन तांदळाच्या डब्यावर ठेवला, कोरी कॅसेट घातली आणि दोन बटणं एकदम दाबली. तिनं आधी "बाई, हे काय खूळ" म्हणून पदर तोंडाला लावला, मग लाजत लाजत सुरुवात केली आणि थोड्या वेळानं यंत्र चालू आहे हेच विसरून गेली. आण्णांच्या रातपाळीवरची तिची एक ओवी त्यात होती:

दारावरून गेल्या गाड्या
ऊस भरून भरून
रातपाळीचा माझा धनी
येई पहाट धरून

पुढच्याच वर्षी आई गेली. पोटाचं दुखणं अंगावर काढलं आणि डॉक्टरांना कळेपर्यंत हातातून गेली. त्यानंतर काही महिन्यांनी आण्णा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि ते केडगावला आले. लेकीच्या घरी राहायचं म्हणून सुरुवातीला ते पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसायचे. कॅसेट मात्र आल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेची किल्ली जानव्यासारखी कायम अंगावर बाळगली. जानव्याशी आमच्या घराण्याचा काही संबंध नाही, पण मी त्यांना तसं चिडवायची आणि ते हसायचे.

कॅसेट उतरतेय म्हटल्यावर त्यांनी उपचार सुरू केले. कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं. आतला रबरी पट्टा बदलला. हेडचा बारका स्क्रू केसभर इकडं, केसभर तिकडं फिरवून पाहिला. दर वेळी कान लावायचा आणि मान हलवायची. शेवटी त्यांनी फर्मान काढलं की कॅसेट आता रोज लावायची नाही. लावली की फीत झिजते. फक्त पौर्णिमेला, संध्याकाळी वंदना झाल्यावर, एकदा.

मला राग आला होता. आई माझीही होती. कचेरीतून दमून आल्यावर स्वयंपाक करताना ती ओट्याशेजारी गात असायची ते मला हवं होतं. पण मी बोलले नाही, कारण खरं सांगायचं तर तोवर मलाही तो आवाज बारीक वाटायला लागला होता. आण्णा म्हणाले म्हणून वाटायला लागला. नवराही म्हणाला, "हो, पूर्वी खणखणीत होता." यंत्र जाणणारा माणूस एकदा 'कमी झालं' म्हणाला की सगळ्या घराला कमी ऐकू येतं.

नगरमधल्या कॅसेटच्या दुकानातून दुसरी प्रत काढून आणावी, असं मी सुचवून पाहिलं. आण्णांनी ते उडवून लावलं. दुकानदाराच्या मशीननं फीत ओढली, गुंडाळून खाल्ली, तर काय त्याच्या उरावर बसायचं? आणि बारीक आवाजाची प्रतही बारीकच निघणार. त्यांचं म्हणणं एकच होतं, की मशीन ताकदीचं पाहिजे. उतरलेला आवाज आतून उचलून आणील असं. ते मिळालं की घरीच, डोळ्यांसमोर, प्रत काढायची.

अशातच आमच्या कचेरीतल्या एका बाईनं बातमी आणली. तिच्या कोपरगावच्या माहेराशेजारी एक वयस्क जोडपं राहत होतं. मुलगा बरीच वर्षं आखातात होता, आता पुण्यात स्थिरावला होता आणि आईवडिलांना तिकडे बोलावत होता. घरातलं सामान विकायला काढलं होतं, त्यात मुलानं तिकडून आणलेला जपानी रिसिव्हर होता. होम थिएटरचा. त्याच्याखाली कॅसेटचा डेक आणि पाच स्पीकर. नव्वदनंतरची ती वर्षं. असली वस्तू आमच्या ओळखीत कुणाकडे नव्हती.

घ्यावा की नाही यावर आमच्या दोन खोल्यांत आठवडाभर खल झाला. नवरा म्हणाला, जुना माल, परदेशी माल, बिघडला तर नगरात कोण उघडणार? तिकडची वीज वेगळी असली तर? आणि पाच स्पीकर ठेवणार कुठं, एक मोरीत? आण्णांनाही पाच स्पीकर पटले नव्हते. "गानारी एक. तोंडं पाच कशाला?" असं ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते तिथं येऊन उभे राहिले आणि नेहमीपेक्षा खालच्या आवाजात म्हणाले, "नुसतं बघून तर येऊ. पसंत न्हाई पडलं तर सोडून देऊ. पन टेप पुरता जायच्या आत काय तरी कराया पायजे." आण्णांनी माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. चहासुद्धा मागत नसत, दिला तर घेत. मी त्याच वेळी मनात ठरवून टाकलं, की मशीन बरं निघालं तर घ्यायचंच.

शनिवारी सकाळी आम्ही एसटीनं निघालो. मनमाड रस्त्याला उसाचा हंगाम चालू होता. राहुरीच्या पुढं बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक यांच्या मागं बस रांगत होती आणि मळीचा वास खिडक्यांतून आत येत होता. कारखान्याकडे जाणारा फाटा आला तेव्हा आण्णांनी मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडून परत बांधली. त्या पिशवीत दोन कॅसेटी होत्या. एक आईची. दुसरी कुठलीशी जुनी, फुटकळ गाण्यांची, जिचं काही झालं तरी चाललं असतं. अनोळखी डेकवर आधी ती लावायची, त्यानं ती खाल्ली नाही तरच आईची द्यायची, असा त्यांचा बेत होता.

घर नदीच्या बाजूला होतं. दारातच बांधलेली बोचकी, उलट्या करून ठेवलेल्या खुर्च्या. काका बहुधा शिक्षक असावेत, बोलताना एकेक वाक्य पूर्ण करायचे. काकू आतल्या खोलीत वर्तमानपत्राच्या कागदात कपबशा गुंडाळत होत्या. रिसिव्हर भिंतीच्या कडेला टेबलावर होता, वर क्रोशाचा रुमाल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे स्पीकर. उरलेले तीन अजून खोक्यात. "मुलगा सुट्टीवर आला की सिनेमे लावायचा," काका म्हणाले. "आम्ही दोघं काही त्याला हात लावत नाही. आम्हाला बटणं कळत नाहीत."

आण्णांना बटणांशी सुरुवातीला काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी रिसिव्हर भिंतीपासून ओढला, मागं वाकले आणि आधी स्क्रू बघितले. "डोकी झिजली न्हाईत," ते मला म्हणाले. "मंजी पेटी कुनी उघडल्याली न्हाई." मग वरच्या जाळीला नाक लावून वास घेतला. जळल्याचा वास नव्हता. मागं विजेचा आकडा छापला होता तो मला वाचायला लावला. आपल्याच विजेचा होता. मग सुरू करायला सांगितलं. दिवा लागला, क्षणभर काहीच नाही, आणि मग आतून 'टक' झालं. आण्णांनी भुवया उंचावल्या. काकांनी खुलासा केला, की मशीन आधी स्वतःला तपासतं आणि सगळं ठीक असेल तरच स्पीकर जोडतं. हे आण्णांना फारच आवडलं. "शहाणं हाय," ते म्हणाले. आवाजाचं बटण फिरवताना थोडी खरखर झाली. "धूळ हाय. निघंल." फुटकळ कॅसेट डेकमध्ये घातली, ती सुरळीत फिरली, बाहेर काढून आण्णांनी फीत उजेडात धरून तपासली. एकही चुणी नव्हती.

मला आठवतं, त्या वेळी मला फार आनंद झाला होता. त्यांना इतकं रमलेलं मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी आईची कॅसेट काढली, डाव्या-उजव्या स्पीकरच्या बरोबर मध्ये खुर्ची मांडून घेतली आणि मला बटण दाबायला सांगितलं.

काय सांगू! आमच्या टू-इन-वनमधून आई गायची ती डब्यात बसून गायल्यासारखी. इथं ती खोलीत आली. परातीवर पडणारा हात वेगळा, बांगड्या वेगळ्या, तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज वेगळा. ओवीच्या दोन ओळींमध्ये तिनं घेतलेला श्वास मी तोवर कधी ऐकलाच नव्हता. आतल्या खोलीतला कागदांचा आवाज थांबला. काकू हातात बशी घेऊन उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला नुसतं खुणेनं विचारलं, "आई?" मी मान हलवली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही मला सुचलं नाही.

"डावी बाजू बंद हाय," आण्णा म्हणाले.

काका दचकले. "छे हो. दोन्ही चालू आहेत."

"न्हाई. सगळा आवाज उजव्या अंगानं येतोय. डावीकडं मुका हाय."

मला तर दोन्हीकडून ऐकू येत होतं. पण आण्णा म्हणतात म्हटल्यावर मी उठले, डाव्या स्पीकरच्या जाळीला कान लावला आणि सांगितलं, "आण्णा, ह्यातूनही येतोय."

"खोलीत घुमतोय त्यो," ते म्हणाले. "काका, तारा बदला. उजवीच्या डावीला, डावीच्या उजवीला. खोट मशीनात असंल तर आता उजवी बाजू मुकी हुईल."

काकांना हा सगळा प्रकार लागला होता, ते दिसत होतं. आपण फसवायला बसलोय असा कुणी संशय घ्यावा, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा होत असावं. तरी ते गुडघ्यांवर बसले आणि आण्णांनी दाखवल्याप्रमाणे तारा बदलल्या. मी कॅसेट मागं घेऊन परत लावली. आण्णा डोळे मिटून बसले.

"तरीबी डावीच बंद," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. फिटर माणसाला खोट सापडली की असा आनंद होतो. "मंजी मशीनला काय झाल्यालं न्हाई. डावा स्पीकर गेल्याला हाय. त्यो दुसरा घेता यील."

काका आत गेले आणि मुलाचे मोठे, कानांवर बसणारे हेडफोन घेऊन आले. ते त्यांनी रिसिव्हरला पुढच्या बाजूनं जोडले. "ह्यात स्पीकरचा संबंधच नाही," ते म्हणाले. "आता तुम्हीच ऐका आणि सांगा." स्पीकर बंद झाले. खोली एकदम शांत झाली आणि आईचा आवाज फक्त आण्णांच्या कानांवर राहिला.

"ह्यातबी डावी बंद हाय," आण्णा म्हणाले, पण आता जरा सावकाश.

काकांनी हेडफोन काढून स्वतः लावून पाहिले. "अहो, दोन्ही चांगले चाललेत. ताई, तुम्ही ऐका." मी लावले. आई अगदी मधोमध गात होती. मी काही बोलायच्या आत आण्णांनी हात पुढे केला आणि हेडफोन परत घेतले. त्यांनी ते नीट पाहिले. डाव्या-उजव्याची अक्षरं अंगठ्यानं चाचपली. मग ते उलटे करून, डावी वाटी उजव्या कानावर आणि उजवी डाव्या कानावर, असे घातले.

मला तेव्हा कळलं ते काय करतायत. मशीन तपासून झालं होतं, तारा तपासून झाल्या होत्या, स्पीकर बाजूला झाले होते. आता हेडफोनमध्ये खोट असेल तर ती उजवीकडे सरकायला हवी होती. एकेक वस्तू बाजूला काढत जायची आणि शेवटी जी उरते तिच्यात बिघाड, हीच त्यांची आयुष्यभराची रीत. आम्ही तिघं त्यांच्याकडे बघत उभे होतो आणि त्यांच्याआधी आम्हाला कळलं होतं. त्यांना थांबवावं असं मला फार वाटलं. पण थांबवून सांगणार काय?

त्यांनी उजव्या कानावरची वाटी वर सरकवली. फक्त डाव्या कानावरची राहिली.

"गाती हाय का ती?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याजवळ वाकले. त्या वाटीतून बाहेर झिरपणारा आवाज मला हातभर अंतरावरून ऐकू येत होता. "गातेय, आण्णा."

"कंचं?"

"रातपाळीची ओवी."

त्यांनी मान हलवली. हेडफोन काढून वायर व्यवस्थित गुंडाळली आणि मांडीवर ठेवली. मग मला म्हणाले, "मंजी टेप उतरल्याला न्हाई."

"नाही."

"पयल्यासारखाच हाय."

"हो, आण्णा."

मी त्या क्षणी मागचं सगळं वर्ष चाळून पाहत होते. आम्हाला कुणाला कसं कळलं नाही? स्क्रू फिरवताना ते टू-इन-वनला नेहमी डावाच कान लावायचे. मिल हाऊसमधली माणसं सगळीच ओरडून बोलतात, घरीसुद्धा. आमच्या कॉलनीत भांडण कुठलं आणि गप्पा कुठल्या हे परक्याला ओळखू यायचं नाही. त्यामुळे आण्णांच्या मोठ्या आवाजाचं कुणाला नवल नव्हतं. आणि केडगावला आल्यापासून हाक मारली आणि त्यांनी ओ दिली नाही, की आम्ही म्हणायचो, आईच्या आठवणीत आहेत, त्रास देऊ नका. नवऱ्यानं मुद्दाम टीव्हीचा आवाज कमी ठेवायची पद्धत पाडली होती, त्यांना शांतता मिळावी म्हणून. आमच्या या काळजीचा मला तिथं उभ्या उभ्या संताप आला.

आण्णा उठले आणि काकांसमोर हात जोडले. "माल चांगला हाय. त्याच्यात काय खोट न्हाई. मी उगं नाव ठिवलं, मनावर घिऊ नका." काका इतके कावरेबावरे झाले, की त्यांना वाक्य पूर्ण करता येईना. काकूंनी चहा टाकला. दोघांनी मिळून किंमत आपण होऊन उतरवली, मग म्हणाले, किमतीचं राहू द्या, तुम्ही घेऊन जा, नंतर बघू. मलाही तो घ्यायचा होता. मी आण्णांच्या उजव्या बाजूला जाऊन म्हणाले, "घेऊया. मोठा आवाज करून लावू. डॉक्टरांना दाखवू, तोवर उजव्या कानानं तरी चांगलं ऐकू येईल."

"मोठ्या आवाजातच गेला ह्यो कान," ते म्हणाले. "आनि आता मशीनचं काय काम? टेप तर चांगला हाय. तुमाला टू-इन-वनवर येतंय ऐकू."

त्यांनी डेकमधून कॅसेट काढली, डबीत घातली, आणि ती स्वतःच्या पिशवीत न ठेवता माझ्या पर्समध्ये ठेवली. "तुज्याकडं ऱ्हाऊ दे. रोज लाव. झिजत न्हाई ती," असं म्हणून ते चपला घालायला गेले.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. डावीकडचं एक बाक मिळालं, आण्णांनी मला खिडकीशी बसवलं. मी सारखी बोलत होते. नगरला कानाचे चांगले डॉक्टर आहेत, हल्ली कानात घालायची यंत्रं निघालीत, एक कान तर चांगला आहे, कितीतरी लोकांचं एका कानावर निभतं, असं काय काय. ते समोर बघत बसले होते. मला वाटलं, दुखावलेत, बोलायचं नाहीये. कोल्हारजवळ बस थांबली तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तू इकडं ये. तिकडनं काय बोलतीस ते मला कायबी कळंना." आम्ही उठून जागा बदलल्या. ते खिडकीशी सरकले आणि मी त्यांच्या उजव्या हाताला बसले.

बस सुटली. थोडं पुढं गेल्यावर ते एकदम म्हणाले, "तुजी आई अशीच करायची."

"कशी?"

"आसं जागा बदलायला लावायची. हिकडच्या बाकावर बसलो की म्हनायची, मला खिडकी नको, वारा लागतो, तुमी बसा. तिकडच्या बाकावर बसलो की म्हनायची, मला खिडकी पायजे, मळमळतंय. एक डाव न्हाई, दर डावाला. मी म्हनायचो, ह्या बाईचं कायबी खरं न्हाई. लई लहरी. कंडक्टरसमोर म्हनायचो."

मी मनातल्या मनात दोन्ही बाकं मांडून पाहिली. डावीकडच्या बाकावर आण्णा खिडकीला. उजवीकडच्या बाकावर आई खिडकीला. दोन्ही वेळा ती त्यांच्या उजव्या हाताला येत होती.

"जेवायला बसलो तरी त्याच अंगाला," ते म्हणाले. "बाजारात चालताना मी कड बदलली की तीबी बदलायची. आनि कुनी मान्सं आली, बोलाया लागली, की त्यांनी काय म्हनलं ते ही परत मोठ्यांदी म्हनायची. मी वरडायचो तिला. चार लोकांत म्हनायचो, तुला गप बसाया काय हुतं?"

"तिला माहीत होतं," मी म्हणाले.

"व्हय."

"मग तुम्हाला सांगितलं का नाही?"

"कसं सांगंल? आवाजावर चालायची माजी सगळी नोकरी. फिटर बहिरा हाय म्हनल्यावर कोन उभा करंल मिलपाशी? आनि मी तरी ऐकून घेतलं असतं का तिचं?" त्यांनी खिडकीच्या गजाला धरलं. बाहेर उसाच्या गाड्या एकामागं एक चालल्या होत्या. "ती हुती तवर मी बहिरा न्हवतो गं. ती गेली आनि मी बहिरा झालो."

राहुरी आलं. बस बराच वेळ थांबणार होती. खाली उतरून चहा घेऊ या का, असं मी विचारलं. उजव्या कानाशी, स्पष्ट विचारलं, तरी ते गज धरून बाहेरच बघत राहिले; या खेपेला ते खरंच आईच्या आठवणीत होते.